वीणा खाली टेकत नाही

होळी झाली की लातूर जिल्ह्यात सप्ताहांच्या पत्रिका दिसू लागतात. देवळाच्या ओट्यावर, एसटी स्टँडच्या भिंतीवर, चहाच्या टपरीच्या पत्र्यावर. वरच्या बाजूला कीर्तनकारांचे फोटो आणि मोठ्या अक्षरांत त्यांची नावं. खाली दिनक्रम: पहाटे चार ते सहा काकडा, मग विष्णुसहस्रनाम, ज्ञानेश्वरीचं पारायण, गाथा भजन, दुपारचं प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन आणि त्यानंतर हरिजागर. अगदी शेवटी, बारीक टाइपात, मृदंगाचार्य, गायनाचार्य, विणेकरी आणि ‘समस्त भजनी मंडळ’. रेणापुरातला एक पखवाजी ही पत्रिका नेहमी खालून वर वाचतो. कीर्तनकार कोण आहेत हे त्याला नंतर कळलं तरी चालतं. चाल कोण म्हणणार, धृपद धरायला मागे कोण उभं राहणार आणि रात्रीच्या पहाऱ्याला किती माणसं आहेत, हे त्याला आधी पाहायचं असतं. सप्ताह उभा राहतो तो त्या बारीक टाइपातल्या माणसांवर, आणि ते त्याने स्वतः वाजवून, जागून, निस्तरून पाहिलेलं आहे.

रेणापूर हे रेणा नदीकाठचं तालुक्याचं गाव, लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या वाटेवरचं. ग्रामदैवत रेणुकादेवी. नवरात्रात देवीपुढे संबळ वाजतो, आराधी मंडळी कवड्यांच्या माळा घालून झांज-तुणतुण्यावर देवीची गाणी म्हणतात. एकादशीला विठ्ठलाचं भजन होतं. आजूबाजूचा मुलूखच असा आहे की इथं गाण्यावाचून देव नाही: उत्तरेला गंगाखेड जनाबाईचं, पश्चिमेला तेर गोरोबाकाकांचं, जवळच अंबाजोगाईत मुकुंदराज आणि दासोपंतांच्या समाध्या. आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून पुढे जाते. पांढऱ्या वेशातल्या त्या टाळकऱ्यांची एकसारखी पडणारी पावलं पाहायला इकडची मंडळी मुद्दाम रस्त्यावर जाऊन उभी राहतात. परत येताना चर्चा एकाच गोष्टीची असते, आपल्या रांगेला हे का जमत नाही याची.

मंडळात माणसं कोण असतात? शेतकरी, शाळेतले गुरुजी, किराणा दुकानदार, एसटीतले वाहक, निवाड्याच्या रेणा सहकारी साखर कारखान्यात पाळी करणारे, निवृत्त तलाठी. मानधन कुणालाच नाही. टाळ, वीणा, पखवाज, पेटी ही सगळी देवाची म्हणजे देवस्थानची, वाजवणाऱ्याची नव्हेत. वर्गणीची वही एकाकडे, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. बहुतेक मंडळांची कुठे नोंदणी नसते, घटना नसते, तरी आजोबांनी धरलेला टाळ नातवाच्या हातात येतो आणि त्याची दोरी तेवढी नवी असते.

या कामाचं वेळापत्रक पिकांनी ठरवलेलं आहे. मोठे सप्ताह उन्हाळ्यात, रामनवमी-हनुमान जयंतीच्या आसपास, कारण तेव्हा रान मोकळं असतं. अपवाद काकड्याचा. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर रोज पहाटे भजन, आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची रास आणि हरभरा-ज्वारीची पेरणी. मळणीयंत्रावर रात्री उशिरापर्यंत राबलेला माणूस पहाटे चारला अंघोळ करून देवळात येतो, भूपाळीपासून आरतीपर्यंत उभा राहतो आणि तिथूनच रानात जातो. कोण आलं, कोण नाही याची नोंद कुणी ठेवत नाही. पण सलग दोन दिवस एखादा दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात कुणीतरी जातं: “तब्येत बरी हाय ना? का येऊ लाला नाहीस?”

ही घडी एका दिवसात बसलेली नाही. संतांच्या काळापासून भजन होतंच. पण आज जी शिस्त दिसते तिच्यामागे काही ठळक माणसं आहेत. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला दिंड्यांची रचना दिली, कोणी कुठे चालायचं, कुणी कुणाच्या मागे गायचं हे ठरलं. आणि १९१७ मध्ये विष्णुबुवा जोगांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. खेड्यातली मुलं तिथं जाऊन माधुकरी मागून शिकली आणि गावोगाव पाठ, चाली, कीर्तनाची रीत घेऊन परतली. रेणापूरचा विणेकरी आणि खानदेशातला टाळकरी पंढरपुरात पहिल्यांदा भेटतात आणि दुसऱ्याच क्षणी एकत्र हरिपाठ म्हणतात, त्यामागे ही शंभर वर्षांहून अधिक काळाची शिकवणी आहे.

मराठवाड्याच्या वाट्याला मात्र आणखी एक अध्याय आला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सभा भरवायच्या तर परवानगी लागायची, त्या काळात गावातली माणसं नियमाने एकत्र बसत ती देवळात. शेजारच्या उदगीरमध्ये भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल या बंधूंनी आर्य समाजाचं काम उभं केलं. आर्य समाजाचे भजनोपदेशक पेटी-ढोलकी घेऊन गावोगाव हिंडत. श्यामलाल १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात गेले, ते परत आलेच नाहीत. वारकरी भजनाचा आणि त्या चळवळीचा विचार वेगळा, चाली वेगळ्या. पण वर्गणी काढून, वाद्यं सांभाळून, वेळेवर जमून गाण्याची सवय दोन्हीकडे एकच होती. त्या दिवसांविषयी बोलायला लागलं की गावातल्या जुन्या माणसांचा आवाज अजून बदलतो.

आता पखवाजाचं काम. या पखवाज्याच्या लेखी सगळं भजन त्या एका लाकडी खोडाभोवती फिरतं. उजव्या पुडीवर शाई, डाव्या पुडीवर प्रत्येक वेळी नव्याने लावायची कणिक, दोन्ही पुड्यांना ताणून धरणारी चामड्याची वादी आणि वादीखाली ठोकलेले गठ्ठे. भाकरीच्या पिठासारखी सैल कणिक चालत नाही आणि पोळीसारखी घट्टही नाही. कणिक कमी पडली तर डाव्या हाताचा आवाज पोकळ येतो, जास्त झाली तर बसतो. चैत्राच्या उन्हात मंडपात दोन तास वाजवलं की ती वाळून कडेने सुटायला लागते. मग कीर्तनकार निरूपण करत असतात तेवढ्यात बोट पाण्यात बुडवून तिला ओलावा द्यायचा. कार्यक्रम संपला की ती खरवडून काढायची, नाहीतर पुडी कडक होते आणि वासाने उंदीर येतात. हे त्याला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. मंडळातल्या म्हाताऱ्या पखवाज्याने पहिलं वर्षभर त्याच्याकडून नुसती कणिक मळून घेतली होती. हाताला बोल नंतर आले. धा, दिं, ता, तिट, कत, गदि, गन हे तोंडाने म्हणायचे, मांडीवर वाजवायचे आणि घरच्यांचा ओरडा खायचा.

हवेप्रमाणे वाद्य बदलतं हेही तसंच कळत गेलं. उन्हात कातडं ताणतं, स्वर चढतो. श्रावणात ओल धरतं, कितीही गठ्ठे ठोकले तरी आवाज उतरतो. गाणाऱ्याची पट्टी आज काळी दोन तर उद्या काळी चार. हातोडी घेऊन कानाने मिळवत बसायचं आणि मिळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. अलीकडे नटबोल्टचे पखवाज आले, पान्याने पिळलं की स्वर चढतो, वेळ वाचतो. ते वापरायला त्याची हरकत नाही. बाहेरगावच्या दिंडीत तोच सोबत घेतो, कारण वाटेत पाऊस लागला तर वादीच्या पखवाजाचं काही खरं नसतं. पण सप्ताहात, देवापुढे, तो वादीचाच वाजवतो. त्याची घुमार मंडपाच्या शेवटच्या रांगेतल्या आंधळ्या म्हातारीपर्यंत पोचते, असं तो म्हणतो, आणि ते खरं आहे.

या भागात पखवाजाला मान आहे त्याला एक मोठं कारणही आहे. अंबाजोगाई तालुक्यातलं आपेगाव हे पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांचं गाव. त्यांच्या घरातूनच उद्धवबापू आपेगावकर पुढे आले आणि पखवाज मोठमोठ्या मैफलींत घेऊन गेले. लातूर-बीडच्या कुठल्याही मंडळात पखवाज शिकणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यात आपेगावकर हे नाव ऐकवलं जातं. त्यात एक जाणीव असते. देवळाच्या ओट्यावर जे वाजतं त्याला विद्येचा दर्जा आहे, ते उरकायचं काम नव्हे.

भजनात पखवाजी पुढे पळाला की सगळं बिघडतं. हरिपाठात लोक पावली खेळतात. ओळीत साठीची माणसं असतात आणि आठ वर्षांची पोरंही. आठ मात्रांचा भजनी ठेका धिम्या लयीत धरायचा, पायांना उसंत द्यायची आणि शेवटच्या अभंगांत हळूहळू दुगुनीकडे न्यायचं. तरण्या हातांना हे धीराने करवत नाही. म्हातारे टाळकरी मागे वळून एवढंच म्हणतात, “दम धर रे, लई पळू लाला तू.” कीर्तनात आणखी वेगळं. बुवा बोलायला लागले की हात थांबले पाहिजेत आणि त्यांनी प्रमाणाच्या अभंगाचं पहिलं अक्षर उच्चारलं की सम गाठली पाहिजे. तिथं त्याचा गाथेचा पाठ कामाला येतो. कोणता अभंग येणार हे ओळखायला अभंग पाठ असावे लागतात.

आणि तरीही, मंडळाचं खरं मोजमाप पखवाजाने होत नाही. ते होतं पहाऱ्याने.

अखंड हरिनाम सप्ताह बसला की वीणा सात दिवस गळ्यातून उतरत नाही. खाली टेकत नाही, खुंटीला लागत नाही. कुणीतरी ती घेऊन उभं असतंच, सोबत एकदोघं टाळ धरून. सात दिवसांचे १६८ तास. दोन-दोन तासांच्या पाळ्या धरल्या तर ८४ पाळ्या. त्यांची यादी देवळाच्या खांबाला चिकटवलेली असते, तारीख, वेळ, नाव. सकाळच्या पाळ्यांना नावं पटापट पडतात. संध्याकाळचीही अडचण नसते, त्या वेळी लोक असतात, कीर्तन असतं. रात्री बारा ते दोन आणि दोन ते चार या रकान्यांत मात्र पेन अडतं. मंडपात तेव्हा कुणी नसतं. समई, कोपऱ्यात झोपलेले स्वयंपाकी, आणि वीणा. पायात गोळे येतात, डोळे मिटायला लागतात, तोंडाने नाम चालू ठेवायचं असतं. या पखवाज्याने पहिला पहारा असाच रात्री दोनचा केला, आणि मंडळाची ओळख आपल्याला त्या रात्री झाली असं तो सांगतो. चारला त्याची पाळी घ्यायला जो माणूस आला तो दिवसा त्याच्याशी बांधाच्या भांडणावरून बोलत नव्हता. रीत अशी की येणाऱ्याने वीणेला आणि विणेकऱ्याला नमस्कार करायचा, विणेकऱ्याने वीणा त्याच्या गळ्यात घालून त्याच्या पाया पडायचं. वय बघायचं नाही, भांडण बघायचं नाही. दोघांनीही ते केलं. बांधाचा प्रश्न पुढे मोजणीनेच सुटला. पण मोजणीच्या दिवशी दोघं एका मोटारसायकलवर गेले.

ही पाळी ठरवण्याची पद्धत अगदी साधी आहे, आणि भजनी परंपरा टिकली ती गोड गळ्यांपेक्षा या साध्या व्यवस्थेवर, असं ठामपणे म्हणता येतं. गोड गळा गावात एखादाच असतो, आणि तो पुण्याला गेला तर गेला. रात्री दोनला उठून येणारी माणसं असली की मंडळ चालतं. पंगतीचंही तसंच आहे. पोळ्या कुणाच्या गल्लीच्या, येसर आमटी कुणी उकळायची, पत्रावळी कुणी उचलायच्या, हे वाटून घेतलेलं असतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात पंगतीचा बेत टँकर पाहून ठरायचा. भांडी कमी लागतील असंच रांधायचं, हात धुवायला तांब्याभर पाणी. सप्ताह आखडता घ्यावा का यावर खूप बोलणं झालं. वीणा उभीच राहिली, पंगती साध्या झाल्या.

या परंपरेविषयी बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही. गावातलं सगळंच वाजवणं स्वेच्छेचं नव्हतं. भजनी मंडळात टाळ धरणाऱ्याला कुणी बोलावत नव्हतं, तो आपण होऊन येत होता. पण हलगी वाजवणाऱ्यावर ते काम जातीने लादलेलं होतं, मोबदला मूठभर धान्याचा आणि नकाराला जागा नाही. चोखोबांचे अभंग गाणाऱ्या कित्येक देवळांत चोखोबांच्या वंशजांना ओट्याखालीच उभं राहावं लागलं. ज्यांना रांगेत जागा मिळाली नाही त्यांनी आपली मंडळं उभी केली. रेणापूर तालुक्यातल्या पानगावात जुनं, शिल्पांनी भरलेलं विठ्ठल मंदिर आहे आणि त्याच पानगावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी असलेलं चैत्यस्मारक आहे. ६ डिसेंबरला तिथं दुरून लोक येतात. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांत जाऊन गाणी पेरली. त्यातून तयार झालेल्या भीमगीतांच्या गायन पार्ट्याही अशाच, वर्गणीच्या पेटी-ढोलकीवर आणि दिवसभराच्या मजुरीनंतरच्या सरावावर चालतात. आज एखादा ढोलकीवाला दोन्हीकडे वाजवताना दिसतो. त्याच्या हातात ठेका तोच असतो, मान दोन्हीकडे सारखा असावा यासाठी अजून बरंच व्हायचं आहे.

लिंगायत समाजाची भजनं हा या भागाचा आणखी एक समृद्ध प्रवाह. लातूर-नांदेडच्या गावांत अखंड शिवनाम सप्ताह होतात, मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ ग्रंथाचं पारायण होतं, शिवकीर्तन होतं आणि कार्तिकी पौर्णिमेला दिंड्या बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला जातात. दिनक्रम पाहिला तर हरिनाम सप्ताहाचा सख्खा भाऊ वाटावा. वीणा तीच, पहारा तोच, टाळही तेच. पखवाजाची पुडी फुटली तर एका मंडळाचा पखवाज दुसऱ्याच्या सप्ताहात रात्रीतून पोचतो. परत येताना त्याच्यासोबत प्रसादाचा पुडा असतो.

अशी माणसं जगात इतरत्रही आहेत. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या कोळसा खाणीच्या गावांत खाणकामगारांचे पितळी वाद्यांचे बँड होते. जोग महाराजांनी आळंदीत संस्था काढली त्याच १९१७ मध्ये ग्राइमथॉर्प गावात खाणमजुरांचा बँड उभा राहिला. १९९३ मध्ये तिथली खाण बंद पडली. बँड बंद पडला नाही, आजही वाजतो. अशा बँडची वाद्यंही सहसा बँडच्याच मालकीची असतात, एका वादकाकडून दुसऱ्याकडे जातात. खाण नसताना खाणकामगारांचा बँड कसा टिकतो, हा प्रश्न रेणापूरच्या मंडळालाही वेगळ्या रूपात पडलेला आहे. शेतीतली माणसं कमी होत असताना शेतीच्या वेळापत्रकावर चालणारं मंडळ कसं टिकवायचं?

मुलं दहावीनंतर लातूरला शिकवणीला जातात, तिथून पुण्याला. टाळकऱ्यांच्या रांगेत पांढरे केस वाढलेत. वाजतगाजत मिरवणूक न्यायची म्हटली की तरुण डीजे सांगतात. सप्ताहाच्या खर्चात नामांकित कीर्तनकारांच्या बिदागीचा आणि मंडप-साउंडचा वाटा फुगत चालला आहे, आणि पुडी बदलायला मात्र कपाटात पैसे नसतात. पखवाज्याला याचं दुःख होतं, ते तो बोलूनही दाखवतो. सरकारची नजर अलीकडे इकडे वळली हे चांगलं झालं: २०२४ मध्ये आषाढी वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर झाले, २०२५ च्या गणेशोत्सवात राज्यातल्या १,८०० भजनी मंडळांना साहित्यासाठी प्रत्येकी २५ हजारांचं अनुदान जाहीर झालं. एका चांगल्या पखवाजाला आणि टाळांच्या काही जोडांना एवढे पैसे पुरतात. पण अर्ज करायचा तर मंडळाची कागदपत्रं हवीत, आणि ज्यांनी कधी पावतीपुस्तकही छापलं नाही त्यांनी ती कुठून आणायची? गावातल्या कुणा शिकलेल्या मुलाने एक दिवस बसून हे काम करून दिलं तर तीही मंडळाची सेवाच होईल.

आशा वाटावी अशा दोन गोष्टी पखवाज्याला दिसतात. पहिली, बायकांची मंडळं. पूर्वी बायका हरिपाठाला मागे बसायच्या. आता गावोगाव महिला भजनी मंडळं आहेत, त्यांच्या पेट्या आहेत, त्यांच्यातल्या काही जणी पखवाजाला बसतात. सप्ताहाच्या दुपारच्या पाळ्या, उन्हामुळे पुरुष टाळायचे त्या, काही ठिकाणी बायकांनीच घेतल्या आहेत. दुसरी, मे महिन्यातली वारकरी बालसंस्कार शिबिरं. मुलं पंधरा दिवस, महिनाभर मठात-मंदिरात राहतात, हरिपाठ, गीतापाठ, मृदंग, पावली शिकतात. शिबिर संपलं की बहुतेकांच्या हातात पुन्हा मोबाइल येतो, हेही खरं. पण दर वर्षी दोघं-तिघं उरतात. त्यांना तो रविवारी सकाळी देवळात बोलावतो आणि पहिले काही महिने पखवाजाला हात लावू देत नाही.

कणिक मळायला लावतो. टाळाच्या दोऱ्या ओवायला लावतो. हरिपाठाचे २७ अभंग न अडखळता म्हणायला लावतो. काहीजण कंटाळून जातात, त्यांना तो थांबवत नाही. जे राहतात त्यांची नावं पुढच्या सप्ताहाच्या यादीत लागतात, आधी दिवसाच्या पहाऱ्याला, टाळ धरून. गेल्या खेपेस यादी लिहिताना त्यातल्या एका मुलाने विचारलं की रात्री दोन ते चारचा रकाना रिकामा आहे, तिथं आपलं नाव लिहू का. त्याच्या आईला विचारून, सोबत एक जाणता विणेकरी देऊन, ते लिहिलं गेलं.